मॉडेल रेल्वेचं एचओ लोको घों घों करतं, वेगही निम्मा झाला – पॉवर पॅकमध्ये काय बघू?

मांडवीचा_डबा
रत्नागिरी. घर समुद्रापासून दोनएकशे मीटरवर. एचओ (१:८७ प्रमाणातल्या मॉडेल रेल्वेचा) लेआउट, गेज (रुळांमधलं अंतर) १६.५ मिमी. कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा केलाय (खरा साडेसहा किलोमीटर, १:८७ ने पंचाहत्तर मीटर झाला असता, माझा सव्वा मीटरचा). रुळांना वीज देणारा पॉवर पॅक जुना, पत्र्याच्या पेटीतला. आत १२ व्होल्ट १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारे चार १एन४००७ डायोड, वेग कमी-जास्त करायचा वायरवाउंड रिओस्टॅट आणि पुढे-मागे करायचा स्विच. कपॅसिटर नाहीच.
गुणगुण आधीपासून होती, पण पावसाळा संपल्यावर पेटी काढली तर लोको जाड आवाजात घों घों करतंय, पूर्ण नॉब फिरवूनही निम्म्या वेगानं चालतंय. दोन्ही लोकोंचं तेच. मोटर उघडू की पेटी?

सोल्डरवाला
दोन्ही लोको एकदम बिघडत नसतात, त्यामुळे मोटरींना हात लावू नका. तरी खात्री हवी असेल तर पेटी रुळांपासून सोडवा आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी थेट रुळांना लावा. घों घों गेली की दोष पेटीत.

जाड आवाज आणि निम्मा वेग एकत्र आलेत, म्हणजे एक डायोड उघडा पडलाय (त्यातून वीज जातच नाही) असं मी धरून चालेन. चारही डायोड काम करत असतील तर एसीच्या दोन्ही अर्धलहरी वापरल्या जातात, मोटरला सेकंदाला १०० धक्के बसतात. एक गेला की अर्धी लहर जाते, धक्के ५० होतात, मध्ये मोकळी जागा पडते. म्हणून आवाज खालच्या पट्टीत जातो.

मोजून बघा. रिओस्टॅटच्या आधी, डायोडच्या प्लस-मायनसवर स्कूटरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब जोडा आणि मीटर डीसीवर ठेवा. साडेनऊच्या आसपास आलं तर ब्रिज (चार डायोडची जोडणी) ठीक. पावणेपाचच्या आसपास आलं तर अर्धीच लहर मिळतेय.

आता मेख. डायोड तपासताना प्लग काढायचाच, पण ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीची (१२ व्होल्टच्या बाजूच्या वाइंडिंगची) एक वायरही सुटी करा आणि रुळावरून लोको उचला. वायर जोडलेली असली तर वाइंडिंगमधून दोन डायोड समांतर दिसतात आणि मेलेला डायोड मीटरवर जिवंत वाटतो. सुटं केल्यावर प्रत्येकाला एका दिशेनं ०.५ ते ०.७ दिसलं पाहिजे, उलट्या दिशेनं काही नाही. आणि डायोडआधी त्याचे डाग (सोल्डरचे जोड) बघा. खाऱ्या हवेत पाय हिरवा पडतो, डागाभोवती बारीक गोल चीर जाते. डायोड चांगला, डाग मेलेला, हे आपल्याकडे नेहमीचं.

(पेटीवर ‘हाफ वेव्ह’चा खटका असेल तर आधी तो बघा. संथ चालीसाठी देतात, साफसफाईत दाबला जातो.)

जांभा
एवढं कशाला? रुळांच्या दोन वायरींवर २२०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर टाका, गुणगुण बंद.

सोल्डरवाला
@जांभा, तिथे अजिबात नको. दिशेचा स्विच कपॅसिटरच्या आधी येतो. गाडी उलटी घेतली की या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला उलटी पोलॅरिटी मिळते, तो गरम होऊन फुगतो, फुटतोही. स्विचच्या आधी लावला तरी भागत नाही: रिओस्टॅटमधून तो लोड नसताना शिखर व्होल्टेजपर्यंत, म्हणजे साडेपंधरा-सोळापर्यंत भरतो, लोको रुळावर ठेवताच उसळतं आणि नॉब बंद केल्यावरही थोडं पुढे सरकतं.

कपॅसिटर ब्रिजच्या लगेच पुढे, आणि रिओस्टॅट काढून तिथे एलएम ३१७ (व्होल्टेज कमी-जास्त करणारी आयसी). ४७०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्ट घ्या. अर्धा अँपिअर लोडला लहर (व्होल्टेजचा उरलेला चढ-उतार) साधारण १ व्होल्ट राहते. १००० चा घातलात तर ती ५ व्होल्ट होते. एलएम ३१७ ला इनपुटवर आउटपुटपेक्षा अडीचेक व्होल्ट जास्त लागतात, त्यामुळे ८ व्होल्टच्या वर नॉब नेला की घों घों परत. संध्याकाळी लाइट डिम झाली की ४७०० वाल्यालाही वरच्या टोकाला थोडं कमी पडेल, तेवढं चालवून घ्या.

आयसीच्या आउटपुट ते अ‍ॅडजस्ट पायात २४० ओहम, अ‍ॅडजस्ट ते मायनस २.२ किलोओहमचा पॉट (नॉबने बदलणारा रोध), म्हणजे वर १२.७ व्होल्ट. खाली १.२५ उरतात, त्यात काही लोको कण्हतात. म्हणून स्विचच्या आधी दोन १एन५४०८ डायोड सिरीजमध्ये टाका, ते १.४ खातात. आयसीचा टॅब आउटपुटला जोडलेला असतो: अभ्रकाचा वॉशर आणि हीटसिंक लावल्याशिवाय पत्र्याला स्क्रू मारू नका.

आणि एक: कपॅसिटर लावल्यावर १ अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरमधून सुमारे ६०० मिलिअँपिअरच सुरक्षितपणे घेता येतात. दोन लोको एकत्र चढावर नकोत.

खाडीकाठ
कोअरलेस मोटरचं लोको असेल तर तोवर त्या पेटीवर चालवू नका. तिच्या रोटरला लोखंडी गाभा नसतो, त्यामुळे प्रत्येक धक्का थेट गुंडाळीत उष्णता बनून उतरतो.
लोको उचलल्यावरही पेटीच गुरगुरत असेल तर ते वेगळं: ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्या ढिल्या झाल्यात. प्लग काढून बोल्ट आवळा, वार्निश सोडा.

मांडवीचा_डबा
बल्बवर ४.७ व्होल्ट. सेकंडरी सुटी केली, चारही डायोड चांगले. तिसऱ्याचा एक पाय मात्र हिरवा, चिमट्यानं हलवला तर डागातून वर आला. ब्लेडनं खरवडून, फ्लक्स लावून नवा डाग दिला: ९.४ व्होल्ट. वेग आला, जाड आवाज गेला, जुनी बारीक गुणगुण तेवढी आहे. कोअरलेसवालं कपाटात ठेवलंय. ४७०० चा कपॅसिटर बाजारात मिळाला, अभ्रकाचा वॉशर नाही मिळाला. हीटसिंक पत्र्याला न लावता आत प्लास्टिकच्या पट्टीवर बसवला तर चालेल?

सोल्डरवाला
चालेल, मग वॉशर नको. पण हीटसिंक कशालाच टेकू देऊ नका आणि पेटीला वर-खाली भोकं पाडा. भोकांवर बारीक जाळी लावा, नाहीतर पाल आत जाते.