थ्रीडी प्रिंटर: ग्राहकांच्या तक्रारींतून सुधारणा कशी काढायची?

यंत्रवेडा_भोसरी
थ्रीडी प्रिंटर जुळवून विकणाऱ्या छोट्या कारखान्यासाठी विचारतोय. फर्मवेअर (यंत्राच्या बोर्डवर चालणारं सॉफ्टवेअर) मार्लिन, बेड (ज्यावर वस्तू छापली जाते ती पाटी) पुढे-मागे सरकणारा. ग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज "लेयर सरकला", "कोपऱ्याजवळ लाटा येतात" असे फोटो पडतात, पण पुढच्या मॉडेलात नेमकं काय बदलायचं ते त्यातून ठरत नाही. प्रूसासारख्या प्रिंटर बनवणाऱ्या कंपन्या हे कसं जमवतात? मतदान घ्यावं का?

नॉझल_पॉइंट_चार
मतदान नको. मतदानात टचस्क्रीन जिंकते आणि सैल पुली हरते.

फोटोत लक्षण दिसतं, कारण नाही. लेयर सरकायची कारणं अनेक: पुलीचा ग्रब स्क्रू (तिला मोटरच्या शाफ्टवर धरणारा छोटा स्क्रू) शाफ्टच्या सपाट बाजूवर न बसणं, ढिला बेल्ट, तापलेला मोटर ड्रायव्हर (मोटर चालवणारी चिप), छापलेल्या भागाच्या वर वळलेल्या कडेला नॉझल (वितळलेलं प्लास्टिक सोडणारं तोंड) धडकणं. म्हणून प्रत्येक तक्रारीसोबत हे मागा: प्रिंटरला एम ११५ ही आज्ञा दिल्यावर येणारं उत्तर (फर्मवेअरची आवृत्ती), एम ५०३ चं उत्तर (सेटिंग्ज), फिलामेंटचा (छपाईच्या प्लास्टिक तारेचा) प्रकार आणि रंग, आणि स्लायसरची (आकारातून छपाईच्या सूचना बनवणाऱ्या सॉफ्टवेअरची) ३एमएफ फाइल. नुसती एसटीएल फाइल घेऊ नका, तिच्यात आकार असतो; वेग आणि तापमान नसतं.

सगळ्यात कामाचा प्रश्न: तीच फाइल पुन्हा छापली तर त्याच उंचीवर सरकतं का? त्याच उंचीवर सरकलं तर बहुधा नॉझल धडकतंय. दर वेळी वेगळ्या उंचीवर, तर पुली, बेल्ट किंवा ड्रायव्हर. पुलीसाठी शाफ्ट आणि पुली दोन्हींवरून मार्करची एकच रेघ ओढायला सांगा. छपाईनंतर रेघ तुटलेली दिसली की निदान झालं.

रंग का विचारायचा? प्रूसाच्या एमके३ मध्ये फिलामेंटची हालचाल प्रकाशाने टिपणारा सेन्सर होता, तो काही फिलामेंटांवर फसायचा. २०१९ च्या एमके३एस मध्ये त्याच्या जागी फिलामेंटने ढकलली जाणारी तरफ आली, मग रंगाचा प्रश्नच उरला नाही.

कंपनमापक
लाटांबद्दल. हा उपाय हौशी मंडळींनीच पुढे आणला. क्लिपर या मुक्त फर्मवेअरमध्ये इनपुट शेपिंग (कंपन उठू नये म्हणून मोटरच्या हालचालीत केलेला बदल) २०२० मध्ये आलं, नंतर मार्लिनमध्ये आणि विकत मिळणाऱ्या प्रिंटरांत.

ग्राहकांना रिंगिंग टॉवर (लाटा मोजण्यासाठीचा चाचणी नमुना) १०० मिमी/सेकंद वेगाने छापायला सांगा, शेपिंग बंद ठेवून. व्हर्नियरने लाटा मोजायच्या. वारंवारता = वेग × लाटांची संख्या ÷ अंतर. १० मिमीत ५ लाटा म्हणजे ५० हर्ट्‌झ. एक्स (डावी-उजवी दिशा) आणि वाय (पुढे-मागे) वेगवेगळं मोजा. तुमच्या रचनेत वाय बेडच्या वजनावर अवलंबून असतो. मार्लिनमध्ये आकडा एम ५९३ या आज्ञेने भरतात.

वीसेक यंत्रांचे आकडे गोळा झाले की खरी मजा. सगळे ४८ ते ५२ मध्ये असतील तर तोच आकडा कारखान्यातून भरून द्या. ३५ ते ६० असे विखुरले असतील तर फर्मवेअरला हात लावू नका. तुमच्याकडे बेल्ट ताणण्यात एकसारखेपणा नाही, आधी ते बघा.

वायरमन_नाशिक
दोन गोष्टी राहिल्या. मार्लिन जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली आहे, त्यामुळे तुमचा बदललेला सोर्स कोड ग्राहकाला मागितल्यावर द्यावाच लागतो. उघडाच ठेवलात तर जाणकार ग्राहक दुरुस्ती करून परत पाठवतात.

दुसरं, थर्मल रनअवे संरक्षण (तापमानाचा ताबा सुटला तर यंत्र थांबवणारी सोय). थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) निसटला की तापमान कमी दिसतं आणि हीटर चालूच राहतो, त्यातून आग लागू शकते. काही स्वस्त किटांत हे संरक्षण बंद असल्याचं वापरकर्त्यांनीच उघड केलं होतं. तपासायला वीज बंद करून नॉझलच्या हीटरची वायर बोर्डवरून काढा, थर्मिस्टर राहू द्या, वीज चालू करून एम १०४ एस २०० (नॉझल २०० अंशांपर्यंत तापवण्याची आज्ञा) द्या. मिनिटभरात एरर देऊन यंत्र थांबलं पाहिजे. नाही थांबलं तर ते यंत्र विकू नका.

यंत्रवेडा_भोसरी
३एमएफ मागितली की काहीजण मागे हटतात, त्यांच्या गिऱ्हाइकाचं डिझाइन असतं.

नॉझल_पॉइंट_चार
मग त्याच सेटिंग्जवर २० मिमीचा ठोकळा छापायला सांगा, त्याची ३एमएफ घ्या. ठोकळ्यात दोष आला नाही तर ठोकळ्याची उंची मूळ भागाएवढी वाढवा. तापलेला ड्रायव्हर लहान छपाईत सहसा सापडत नाही.