बाबांच्या सीआरटीचं एव्ही डिले सेटिंग बदलणार आहेत, खरंच फरक पडतो का?

सिन्नरकर:
नमस्कार मंडळी. बाबांना (वय ७१) हार्ट फेल्युअर आहे, ईएफ (हृदयाची पंपिंगची ताकद) २५%, ईसीजीत एलबीबीबी (डाव्या बाजूला सिग्नल उशिरा पोचतो ते), म्हणून दिवाळीनंतर तीन वायरींचा पेसमेकर म्हणजे सीआरटी बसवला. पायांची सूज उतरली पण जिना चढला की धाप लागतेच. परवा चेकिंगला कंपनीचा माणूस ते प्रोग्रामर मशीन घेऊन आलेला, तेव्हा डॉक्टर म्हणाले पुढच्या वेळी इको (हृदयाची सोनोग्राफी) लावून एव्ही डिले ॲडजस्ट करून बघू. आईने धसकाच घेतलाय की परत कापाकापी आहे का. प्रिंटवर सेन्स्ड एव्ही १२०, पेस्ड एव्ही १५०, बायव्ही पेसिंग ८९% असं काहीतरी आहे. कोणी सांगेल का?

कॅथलॅबवाला:
आईंना सांगा कापाकापी अजिबात नाही, छातीवर वॉन्ड (प्रोग्रामरला जोडलेला सेन्सर) ठेवून बाहेरूनच सेटिंग बदलतात, आवडलं नाही तर तिथल्या तिथे जुनं परत करता येतं.
एव्ही डिले म्हणजे वरचा कप्पा दाबला गेल्यावर खालचे कप्पे किती मिलिसेकंदांनी पेस करायचे (मशीनने ठोका द्यायचा) तो वेळ. फार कमी ठेवला तर वरच्या कप्प्याचं रक्त पूर्ण खाली यायच्या आतच मायट्रल झडप बंद होते, इकोवर ए वेव्ह (वरचा कप्पा दाबला गेल्याची लहर) कापलेली दिसते. फार जास्त ठेवला तर बाबांचा स्वतःचा सिग्नल आधी पोचतो आणि तीन वायरी घालून उपयोग काय मग! सेन्स्ड (वरचा कप्पा स्वतः धडकतो तेव्हाचा) आकडा पेस्डपेक्षा (मशीन त्याला ठोका देतं तेव्हाचा) ३०-५० ने कमी असतो, वरचा कप्पा पेस केला की सिग्नल पसरायला जास्त वेळ लागतो म्हणून, तेव्हा १२०/१५० यात वावगं काही नाही.
मला खटकतंय ते बायव्ही ८९%, म्हणजे खालचे दोन्ही कप्पे मशीनने पेस केलेल्या ठोक्यांचं प्रमाण. ते का कमी आहे हे विचारलंत का?

मिरजेची_सून:
आमच्या सासूबाईंचं सेम, टक्केवारी कमी होती आणि सगळे एव्ही डिलेच्या मागे लागलेले, शेवटी होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) लावला तर पीव्हीसी म्हणजे मधूनच येणारे जादा ठोके भरपूर निघाले. गोळी सुरू केली, पेसिंग वाढलं, आता देवळाच्या पायऱ्या चढतात (हळूच, पण चढतात).

सिन्नरकर:
नाही विचारलं हो, मला वाटलं ८९ म्हणजे डिस्टिंक्शन 😅

डॉ_हृदयी:
इथे ९८ च्या पुढे पाहिजे. २०११ मध्ये रिमोट मॉनिटरिंगवरच्या हजारो पेशंटांचा अभ्यास आला, त्यात ९८% च्या वर पेसिंग असणारे जास्त जगले. कमी असण्याची नेहमीची कारणं तीन, एएफ (वरच्या कप्प्यांची अनियमित धडधड), पीव्हीसी, आणि एव्ही डिले लांब. तिसरं असेल तर तो कमी करून लगेच सुटतं. आणि मशीनच्या काउंटरवर आंधळा विश्वास ठेवू नका, स्वतःचा ठोका आणि पेसचा ठोका एकत्र आले तरी तो पेस म्हणूनच मोजतो, म्हणून १२ लीड ईसीजी काढून क्यूआरएस (खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची लहर) बघायला सांगा.
इकोचं म्हणाल तर २०१० च्या स्मार्ट एव्ही ट्रायलमध्ये ९८० पेशंट होते, सरळ १२० ठेवलेले आणि इकोने किंवा मशीनच्या अल्गोरिदमने सेट केलेले, सहा महिन्यांनी हृदयाच्या आकारात तिन्हींत फरक नाही. म्हणून सगळ्यांचा इको करत बसत नाही आम्ही. पण ज्याला फरक पडत नाहीये त्याचा करून बघणं बरोबरच, तुमचे डॉक्टर योग्य तेच म्हणतायत, फक्त आधी ८९ चं कारण शोधू दे. व्हीव्ही डिले, म्हणजे डावी बाजू २०-४० मिलिसेकंद आधी पेस करणं, हे त्याच्याही नंतर.

कॅथलॅबवाला:
+१. अजून एक, सेटिंग बदलल्यावर बाबांना उचकीसारखे झटके यायला लागले तर कळवा, डावी वायर फ्रेनिक नर्व्हजवळ (श्वासाचा पडदा हलवणारी नस) असली की होतं असं, व्होल्टेज नाहीतर पेसिंगची दिशा बदलली की बहुतेक वेळा थांबतं.

सिन्नरकर:
सोमवारी जातोय, आधी होल्टर आणि ईसीजीचंच विचारतो. प्रिंटचा फोटो टाकू का इथे?

डॉ_हृदयी:
टाका, नाव आणि सिरियल नंबर झाकून. मोड (पेसिंगचा प्रकार) आणि अप्पर रेट (मशीन जास्तीत जास्त ज्या वेगापर्यंत साथ देतं तो) लिहिलेलं पान पण घ्या, चालताना नाडी त्या रेटच्या वर जात असेल तर तिथेच पेसिंग सुटत असेल.