मदत हवी आहे : रीमरच्या कड्या आणि उतरणारे वरचे सप्तक

धागाकर्ता : बासरीची पोकळी रीमरने (भोक आतून खरवडून आकार देणाऱ्या हत्याराने) निमुळती केल्यावर आतून सर्वत्र कड्यांसारख्या खुणा उमटतात आणि वरचे सप्तक स्पष्टपणे उतरते. रीमरला धार आहे, लाकूड उत्तम आहे. त्यामुळे ‘धार लावा’ एवढाच सल्ला कृपया देऊ नये. वाद्य लवकर पूर्ण करायचे आहे.

कातकाम : बासरी आडवी की उभी, लाकूड कोणते, रीमरला पाती किती आणि पोकळी कोणत्या टोकाकडे निमुळती होते, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

धागाकर्ता : आडवी, ग्रेनाडिला या कठीण, काळ्या लाकडाची. डोक्याचा भाग १९ मिमीचा, सरळ. त्यापुढची नळी शेवटच्या टोकाकडे निमुळती होते, हे उघडच आहे. रीमरला समान अंतरावर सहा पाती आहेत.

कातकाम : ते उघड नव्हते. जर्मन बासरीकार ब्योम यांनी १८४७ साली नळी सरळ ठेवून डोक्याचा भाग निमुळता केला आणि तुमच्या बासरीत नेमके त्याच्या उलट आहे. कड्यांचे कारण मात्र आता कळले : समान अंतरावरची पाती एकाच ठेक्यात थरथरतात आणि प्रत्येक पाते आधीच्या खुणेतच उतरते. अर्धगोल छेदाचा, एकाच धारेचा रीमर घ्यावा, तो हाताने सावकाश फिरवावा आणि भुसा वरचेवर बाहेर काढावा.

सरळरेषा : हाताने फिरवण्याचा काळ गेला. गन ड्रिलने, म्हणजे लांब सरळ भोक पाडणाऱ्या पोकळ ड्रिलने, आधी भोक सरळ पाडा. आतून येणाऱ्या दाबाच्या हवेने भुसा आपोआप बाहेर पडतो.

कातकाम : प्रश्न भोक वाकडे जाण्याचा नाही. शिवाय आधी पोकळी पूर्ण करून तिच्याच आधाराने बाहेरची बाजू कातली, तर थोडे वाकडे गेलेले भोकही निभावते.

नवे_हत्यार : संगणकावर पोकळीच्या निमुळतेपणाचा उतार आखून पोलादी पाते लेझरने कापून घ्यावे आणि अर्धगोल दांड्यात बसवावे. त्याआधी तोच उतार त्रिमितीय छपाईच्या नळीत वाजवून पाहावा, म्हणजे चुकीच्या मापाचे हत्यार घडत नाही.

तेलपाणी : पोकळीला तेल नियमित द्यावे, नाहीतर ग्रेनाडिला तडकू शकते.

धागाकर्ता : तेलाबद्दल मी विचारलेलेच नाही. सप्तकाचे काय?

स्वरमापन : आधी डोक्याचे टोक आतून बंद करणारे बूच पाहा. ते फुंकछिद्राच्या मध्यापासून साधारण पोकळीच्या व्यासाइतके, म्हणजे तुमच्याकडे १९ मिमी दूर असावे. फार मागे असेल, तर वरचे स्वर उतरतात. बूच जागेवर असेल, तर उतार अपुरा असण्याची शक्यता आहे. तळच्या स्वराच्या वेळी हवेचा दाब नळीच्या मध्याजवळ सर्वाधिक बदलतो, तर त्याच्याच वरच्या सप्तकातल्या स्वराच्या वेळी तो एक चतुर्थांश आणि तीन चतुर्थांश लांबीवर सर्वाधिक बदलतो. अशा जागी पोकळी अरुंद केली की तो स्वर चढतो. म्हणून शेवटच्या टोकापासून एक चतुर्थांश लांबीवर मेणाचा पातळ थर लावून पाहा. सप्तक सुधारले, तर नवा रीमर तिथे थोडा बारीक ठेवा. काढलेले लाकूड परत बसवता येत नाही, मेण मात्र काढता येते.

धागाकर्ता : बूच २६ मिमीवर आहे, सरकवून पाहतो. पण जुना रीमर टाकूनच द्यायचा का?

कातकाम : नको. त्याची काही पाती अशी घासून काढा, की उरलेल्यांमधली अंतरे असमान होतील. खुणा किती कमी होतात, ते टाकाऊ तुकड्यावर आधी पाहा.