गोम कोणती, पैसा किडा कोणता? आणि चपटा पण संथ असलेला तिसरा कोण?

कुंपण

घर बैठं आहे. मागे परसात पालापाचोळ्याच्या खताचा खड्डा आणि नारळाच्या सोडणांचा ढीग. पाऊस लागल्यापासून भरपूर पायांचे तीन प्रकारचे किडे दिसताहेत. एक काळपट, गोल अंगाचा, हात लागला की चकलीसारखं वेटोळं करणारा. दुसरा तांबूस, चपटा, अतिशय चपळ, रात्री मोरीत दिसणारा. तिसरा काळा, चपटा, दोन्ही कडांना पिवळे ठिपके, पण चाल एकदम संथ.

घरात तिघांनाही गोमच म्हणतात आणि दिसला की चप्पल उगारतात. पहिल्या दोघांतला फरक अंदाजाने कळतो, तिसऱ्याचं काय? यांतला विषारी कोण, चावलं तर नेमकं काय करायचं, खड्ड्यातले काढून टाकायचे का? तीन वर्षांचं मूल आहे, म्हणून विचारतोय.

पानगळ

पाय मोजत बसू नका, ते जोडलेत कसे ते बघा. किड्यावर काचेचा पेला पालथा घाला, खालून जाड कागद सरकवा आणि झाकणाच्या पारदर्शक डब्यात सोडा. डबा डोळ्यांच्या पातळीवर धरून बाजूने आणि खालून पाहा. शरीर कड्याकड्यांचं दिसेल.

प्रत्येक कड्याला पायांची एकच जोडी आणि पाय कडेने बाहेर फाकलेले, तर गोम. प्रत्येक कड्याला दोन जोड्या आणि पाय पोटाखाली आत, तर पैसा किडा. शेतकरी यालाच वाणी म्हणतात. बघताना मधलं शरीर बघा, मानेजवळचं नको. पैशाच्या पहिल्या कड्याला पायच नसतात आणि पुढच्या तिघांना एकेकच जोडी असते, त्यामुळे पुढून पाहणारा हमखास फसतो. त्यानंतरचं प्रत्येक कडं म्हणजे मुळात दोन खंड एकत्र जुळून झालेलं, म्हणून दोन जोड्या.

या एका फरकातून बाकीचं बरंचसं उलगडतं. पैसा कुजका पाला खातो, त्याला कुणाच्या मागे धावायचं नसतं. त्याला ओल्या मातीत आणि पाल्यात डोकं खुपसून पुढे रेटायचं असतं. पोटाखालचे ते सगळे पाय लाटेसारखे एकामागून एक टेकतात आणि भरपूर जोर देतात. त्याचं कवच चुन्याच्या क्षारांनी टणक झालेलं असतं, म्हणून वाळलेला पैसा पायाखाली कुरकुरतो. गोम शिकारी. फटीत शिरायला चपटं अंग, धावायला बाहेर फाकलेले पाय, चाचपायला लांब मिश्या. पैशाच्या मिश्या आखूड, कोपरात वाकलेल्या, जमिनीवर सतत टकटक करणाऱ्या.

गोमेच्या डोक्याखाली दोन वाकड्या विषनख्या असतात. त्या म्हणजे तिच्या पायांचीच पहिली जोडी, बदललेली. म्हणजे गोम तोंडाने चावत नाही, नख्या टोचते. म्हणून जखमेवर शेजारी शेजारी दोन टिंबं उमटतात. मागच्या लांब पायांची जोडी मिश्यांसारखी दिसते, त्यामुळे डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं यात गल्लत होते. शेपूट समजून चिमट्याने डोक्याकडून धरू नका.

शतपाद आणि सहस्रपाद ही नावं शब्दशः घेऊ नका. पूर्ण वाढलेल्या गोमेला जातीनुसार १५ ते १९१ जोड्या असतात आणि हा आकडा विषमच असतो. पन्नास जोड्या होत नाहीत, म्हणून शंभर पायही भरत नाहीत. आपल्याकडच्या मोठ्या स्कोलोपेंड्रा गोमेला, जिला बरेच जण घोण म्हणतात, २१ जोड्या असतात. पैसा किड्यांपैकी बहुतेकांचे पाय चारशेच्या आतच. खरोखर हजाराच्या वर पाय असलेली जात २०२१ मध्ये नोंदली गेली: पश्चिम ऑस्ट्रेलियात जमिनीखाली सुमारे ६० मीटरवर सापडलेली युमिलिपेस पर्सेफोनी, १,३०६ पाय.

आणि ‘गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही’ ही म्हण अगदी खरी आहे. पकडली गेली तर गोम पाय तिथेच सोडून पळते आणि पुढच्या काती टाकताना तो पुन्हा उगवतो.

सोनचाफा

वरच्या उत्तरात तिसरा राहिला. कडेला पिवळे ठिपके असलेला तो चपटा संथ किडाही पैसाच. ‘चपटी ती गोम, गोल तो पैसा’ हा नियम इथेच मोडतो. या गटात प्रत्येक कड्याच्या दोन्ही बाजू फळीसारख्या बाहेर आलेल्या असतात, म्हणून वरून चपटं दिसतं. उलटं केलं की कड्याला दोन जोड्या स्पष्ट दिसतात. कडी साधारण वीसच, डोळे नाहीत. डिवचला की कडू बदामासारखा वास येतो. तो बेंझाल्डिहाइडचा, आणि त्याच्याबरोबर थोडा हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायूही सुटतो. अंगणात त्याने माणसाला धोका नाही. पण घट्ट झाकणाच्या डब्यात जास्त वेळ ठेवू नका, आपल्याच वायूने मरेल. आणि मुलाला तो डबा नाकाशी धरू देऊ नका.

उलट्या बाजूचीही फसगत असते. कुंडीतल्या मातीत दोऱ्यासारखी बारीक, पिवळट, गांडुळासारखी वळवळणारी जी दिसते ती पैसा नाही, मातीतली गोम. संथ असली तरी कड्याला एकच जोडी. तिचा माणसाला त्रास नाही. हिच्यातलीच एक जात अंधारात डिवचली की हिरवट उजेड देणारा चिकट स्राव सोडते. पावसाळ्यात रात्री फरशीवर चमकणारी रेघ दिसली तर घाबरू नका.

भिंतीवरून कोळ्यासारखी सुसाट पळणारी, झालरीसारख्या लांब पायांची असते तीही गोमच, १५ जोड्यांची. झुरळं, कसर आणि वाळवी खाते. तिला माझं मत विचाराल तर राहू द्यावं.

गोळी होणारे दोघं वेगळे. सह्याद्रीच्या जंगलात गोटीएवढा गुळगुळीत गोळा होतो तो पैसा, आर्थ्रोस्फेरा वंशातला. कुंडीखाली वाटाण्याहून लहान राखाडी गोळी होतो त्याला पायांच्या सातच जोड्या असतात. तो ना गोम ना पैसा, खेकडा-कोळंबीच्या नात्यातला.

मोगरा_७

गोम चावली तर लगेच चुना लावायचा आणि वर दोरीने घट्ट आवळायचं, म्हणजे विष चढत नाही. आमच्याकडे सगळे हेच करतात.

रात्रपाळी

मोगरा, दोन्ही नको. चुन्याने कातडी भाजते आणि जखम चिघळते. आवळल्याने रक्तपुरवठा तुटतो. गोमेच्या विषात असं काही नाही की ते अडवायला हाताची बोटं पणाला लावावीत. चिरा देणं, चोखणं, रॉकेल लावणंही तसंच.

काय करायचं ते क्रमाने सांगतो. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने नीट धुवा. हाताला डंख असेल तर सूज यायच्या आत अंगठी-बांगड्या काढा. मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग २० ते ३० मिनिटं बुडवून ठेवा. पाणी ४५ अंशांच्या वर नको. दुखऱ्या हाताला उष्णतेचा अंदाज येत नाही, म्हणून पाणी दुसऱ्या हाताने तपासा. लहान मुलासाठी मोठ्यांनी कोपर बुडवून बघावं. उष्णतेने या विषातले काही घटक निकामी होतात आणि ठणका कमी होतो. काहींना फडक्यात गुंडाळलेला बर्फ जास्त बरा वाटतो, तोही चालतो. जोडीला पॅरासिटामॉल, मुलाला डॉक्टरांनी वजनावरून सांगितलेलंच प्रमाण. धनुर्वाताची लस कधी घेतली ते बघा.

ठणका काही तास, कधी एक-दोन दिवस राहतो. सूज आणि लाली एवढंच असेल तर घाबरण्यासारखं नाही. मृत्यू अत्यंत दुर्मिळ. मात्र ओठ-चेहरा सुजला, अंगभर गांध्या उठल्या, श्वास लागला, चक्कर आली, उलट्या थांबेनात, तर थेट दवाखाना गाठा. या विषावर सापाच्या विषासारखी उतारा लस नाही, पण ॲलर्जीच्या झटक्यावर ॲड्रेनलिन लगेच मिळालं पाहिजे. लहान मूल असेल तर लक्षणांची वाट न पाहता दाखवून आणा.

कानात काही शिरलं तर काडी, पिन, चिमटा यातलं काहीही आत घालू नका. आत घुसलेला जीव अजून आत जातो आणि पडदा फाटतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

आता पैसा किडा. तो चावत नाही, टोचत नाही. दाबला गेला की कड्यांच्या बाजूच्या ग्रंथींतून पिवळट-तपकिरी द्रव सोडतो. गोल अंगाच्या जातींत त्यात बेंझोक्विनोन असतं. ते कातडीला लागलं की आधी जळजळ, मग तपकिरी-काळपट डाग. डाग धुऊन जात नाही, कातडी बदलेल तसा काही आठवड्यांत फिका होतो. हे मुद्दाम लिहितोय, कारण मोज्यात किंवा बुटात पैसा चिरडला की बोटं काळीनिळी दिसतात आणि रक्तपुरवठा बंद पडला किंवा मुलाला कुणी मारलं, असा गैरसमज होतो. बोट गरम आहे, हलतंय, नख दाबून सोडल्यावर लगेच गुलाबी होतंय, तर आधी बूट झटकून बघा. आत मेलेला पैसा सापडण्याची शक्यता बरीच.

खरी काळजी डोळ्यांची. पैसा हाताळून मुलाने डोळा चोळला तर लगेच स्वच्छ वाहत्या पाण्याने १५ ते २० मिनिटं डोळा धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

कुंपण

मनापासून आभार. तिसऱ्याचा डबा लगेच उघडला. आता खड्ड्याचं सांगा. आणि भेंडीच्या वाफ्यात उगवलेली निम्मी रोपं जमिनीलगत कुरतडलेली आहेत. हे पैशाचंच काम का?

काळी_माती

खड्ड्यात राहू द्या. अर्धवट कुजलेला पाला बारीक करण्याचं काम तिथे तोच करतो आणि त्याची विष्ठा चांगलं खत असते. मुठीने दाबल्यावर खतातून एक-दोन थेंबच पाणी यावं. धार लागत असेल तर खड्डा फार ओला आहे. सुका पाला किंवा भुस्सा मिसळा, पैसे आपोआप कमी होतील.

वाफ्याबद्दल: आधी गुन्हेगार ठरवा. रात्री आठ ते दहाच्या दरम्यान बॅटरी घेऊन बघा. सकाळी वाळलेली चकचकीत चिकट रेघ दिसली तर ती गोगलगाय. रोप कापून आडवं पडलेलं आणि शेजारी उकरल्यावर मातीत करडी गुबगुबीत अळी गोल होऊन बसलेली असेल तर ती कुरतडणारी अळी. रेघ नाही, मातीतलं फुगलेलं बी पोखरलेलं, दलं म्हणजे रोपाची पहिली जाड पानं खरवडलेली, तर पैसा.

मराठवाडा-विदर्भात सोयाबीन आणि कपाशीवर वाणीचं हे नुकसान बऱ्याच ठिकाणी होतं, आणि तेही बहुतेक पेरणीपासून पहिल्या तीनेक आठवड्यांतच. रोपाचं खोड टणक झालं की वाणीचं तोंड चालत नाही. म्हणून तेवढे दिवस सांभाळायचे. धुरे आणि बांध तणमुक्त ठेवा, मागच्या पिकाचा काडीकचरा शेतात ओला सडू देऊ नका. संध्याकाळी ओळींमधून ओल्या गवताचे लहान ढीग किंवा भिजवलेली पोती ठेवा. दिवस उजाडायच्या आत वाणी त्याखाली गोळा होते. सकाळी ऊन चढायच्या आत हातमोजे घालून वेचा आणि साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. हे तीन-चार दिवस सलग केलं तरच फरक दिसतो, एकदा करून सोडून दिलं तर नाही. मीठ बादलीतच, जमिनीवर फेकलं तर वाणी मरेल पण माती खराब होईल.

दिवसा फवारणी करून उपयोग होत नाही, कारण तेव्हा ती ढेकळांखाली असते. प्रमाण फारच असेल तर औषधाचं नाव आणि मात्रा आपल्या पिकासाठी कृषी विज्ञान केंद्रातून घ्या, दुकानदाराच्या तोंडी सल्ल्यावर जाऊ नका. तूट पडलेल्या जागी नांग्या लवकर भरा, म्हणजे पुन्हा बी लावा. तुमचा वाफा लहान आहे. रोपं पिशवीत चार-पाच पानांची करून मग लावलीत तर प्रश्नच मिटेल.

पानगळ

घरात येण्याबद्दल थोडं. जोराच्या पावसाने जमीन तुडुंब झाली की पैसे वर, भिंतीवर चढतात. घरातल्या कोरड्या फरशीवर ते एक-दोन दिवसांत सुकून मरतात, प्रजनन करत नाहीत. सुपली-झाडूने भरून परसात टाका, चिरडू नका. डाग फरशीवरही पडतो. घरभर औषध मारण्याचं काहीच कारण नाही, विशेषतः रांगतं-खेळतं मूल असताना.

गोमेच्या अंगालाही पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून ती ओल शोधते आणि मोरी सापडते. मोरीच्या तोंडावर बारीक भोकांची जाळी बसवा, जाळीखालच्या भांड्यात पाणी साठलेलं राहतंय ना बघा, दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावा. झुरळं कमी झाली की तिचं येणंही कमी होतं. रात्री मच्छरदाणी गादीखाली खोचा, सकाळी मुलाचे बूट झटकून मगच घाला.

सोडणांचा ढीग भिंतीला लागून असेल तर निदान मीटरभर दूर न्या. हे दिवसा, बूट आणि जाड हातमोजे घालून, हाताने न उचलता दाताळ्याने करा. वरची सोडणं आधी, तळाची शेवटी. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या दिवसांत तळाशी गोम अंड्यांच्या पुंजक्याभोवती वेटोळं घालून बसलेली सापडू शकते. अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून ती त्यांना सतत चाटून साफ करते आणि पिल्लं सुटी होईपर्यंत शिकारीलाही जात नाही. तेव्हा ती पळत नाही, उलट तिथेच टोचते. फार डिवचली गेली तर अंडी स्वतःच खाऊन टाकते. अशी दिसली तर ते सोडण परत अलगद झाका आणि तेवढा कोपरा महिनाभर सोडून द्या.