प्रतिसाद: मानेचा पट्टा आणि आठ महिन्यांचं दुखणं

आठ महिने मान दुखतेय म्हणता, आणि एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये 'सी-५, सी-६ मधली जागा कमी' (म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधलं अंतर झिजेमुळे कमी) वाचून तुम्ही दिवसभर मानेला पट्टा लावताय, तो आधी कमी करा. चाळिशीनंतर अशी झीज मान न दुखणाऱ्यांच्याही एक्स-रेत सर्रास दिसते. पट्ट्याने स्नायू आयते बसतात नि कमजोर होतात.

दुखणं तीन महिन्यांपुढे गेलं की नसा जास्तच संवेदनशील होऊ शकतात. दुखलं म्हणजे इजा वाढली असं नव्हे.

व्यायाम: ताठ बसून, नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे घ्या, ५ सेकंद धरा, १० वेळा, दिवसातून दोनदा. बहुतेकजण इथे मान खाली वाकवतात, म्हणून फायदा होत नाही. मग तळहात कपाळावर ठेवून हलका दाब, डोकं हलू न देता. फरक पडायला सहा ते आठ आठवडे लागतात. मान गरगर फिरवू नका.

कूलरचा झोत मानेवर नको (नागपुरात मे महिन्यात हे सांगणं सोपं आहे, म्हणा!).

हाताची ताकद कमी होणं, शर्टाची बटणं लावता न येणं, चालताना तोल जाणं, लघवीवर ताबा नसणं, यातलं काहीही असेल तर व्यायाम बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) गाठा.