लोकसंख्येचा रकाना कसा भरायचा? (देणगीचा अर्ज, खानापूर तालुका, जि. बेळगाव)

जांबोटीपलीकडची

नमस्कार. आमचं गाव जांबोटीच्या पलीकडं, मलप्रभेच्या उगमाच्या अंगाला. नाव मुद्दाम लिहीत नाही. मी स्त्रीशक्ती संघाची खजिनदार. चौदा बायका आहोत. दोन उन्हाळे झाले, गावच्या वरचा झरा आम्ही उपसतो, दगडांचा बांध घालतो, कडेनं किंजळ, जांभूळ, कोकमाची रोपं लावतो. यंदा मे संपेपर्यंत पाणी पुरलं. आधी मार्चातच वाटीवाटीनं घागर भरायला लागायची.

बेळगावच्या एका संस्थेतल्या सरांनी सांगितलं, परदेशातला एक फंड 'पर्यावरण आणि लोकसंख्या' या कामाला पैसे देतो, तुम्ही अर्ज करा. सात पानं आहेत. भाचीनं मोबाईलवर वाचून मराठीत सांगितली. पाच पानं सुरळीत गेली. सहाव्या पानावर रकाना: तुमच्या कामामुळे किती जन्म टळतील?

मी तिला परत वाचायला लावलं. टाळायला जन्म आहेत कुठं ओ? आमच्या मराठी शाळेत पहिली ते पाचवी मिळून अकरा पोरं. तरणी माणसं गोव्याला नाहीतर पुण्याला. निम्म्या घरांची कुलपं गणपतीलाच निघतात. रस्त्याकडेच्या जमिनी शहरवाल्यांनी घेऊन तारेची कुंपणं घातली, आणि जंगलावर भार म्हणे आमच्या पोराबाळांचा!

पण एक खरं, ते लपवत नाही. चौदातल्या सहा जणींची लग्नं अठराच्या आत झाली, त्यात मी एक. बाविसाव्या वर्षी माझं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशनसुद्धा उरकलं. नवऱ्याला कुणी विचारलंच नाही. म्हणजे या विषयात आमचं काहीच नाही असंही नाही. मग रकान्यात काय लिहू? शून्य लिहिलं तर अर्ज बाद होईल काय? आणि पैसे आमच्या खात्यावर येतात कसे?

टिळकवाडीतला हिशेबनीस

अक्का, शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो. तुमच्या खात्यावर ते पैसे येऊच शकत नाहीत. परदेशी देणगी घ्यायला संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते. त्यासाठी संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या तीन वर्षांत कामावर १५ लाख खर्च केलेली हवी. पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतल्या खात्यात उतरतात. आणि २०२० च्या दुरुस्तीपासून एका संस्थेला आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला वाटता येत नाही. पूर्वी शहरातली संस्था घेऊन खेड्यातल्याला द्यायची, ते बंद. कार्यालयीन खर्चही ५० टक्क्यांवरून २० वर आणलाय.

तेव्हा त्या सरांना विचारा, त्यांच्याकडे ही नोंदणी आहे का. असेल तर अर्ज त्यांच्या नावानं जाऊ दे, खर्च त्यांनीच थेट करावा: रोपं, पाइप, मजुरीची बिलं त्यांच्या नावावर. तुमच्या पासबुकात एक रुपयाही घेऊ नका, कितीही चांगला माणूस असला तरी. दरम्यान तुमची संस्था १९६० च्या कर्नाटक सोसायटी कायद्याखाली नोंदवून घ्या. पुढं आयकराच्या १२ए, ८०जी नोंदण्या करून तीन वर्षांचं काम दाखवलंत की सीएसआर-१ हा फॉर्म भरून इथल्याच कंपन्यांकडं त्यांच्या समाजकार्याच्या पैशासाठी जाता येतं. गाळ काढायचं काम मात्र आजच पीडीओंकडं (पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांकडं) उद्योग खात्रीत, म्हणजे रोजगार हमीत मागा. त्याला परदेश कशाला?

सीमाभागवाला

महाराष्ट्र सरकारकडं मागा की. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी योजना आहे म्हणतात.

जांबोटीपलीकडची

ती दवाखान्याच्या खर्चाची ओ दादा. झरा आजारी पडला की बघू.

निपाणीची सिस्टर (निवृत्त)

बाई, तो आकडा लिहू नका. मी १९८६ पासून एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी सरकारी नर्स होते. १९९६ मध्ये सरकारनं ऑपरेशनांचं टार्गेट बंद करेपर्यंत दर मार्चला आमचा जीव टांगणीला असायचा. इतक्या केसेस आणा, नाहीतर पगार अडेल. बिडी वळणाऱ्या बायकांच्या दारात सकाळी सहाला जाऊन बसायची मी. कुणाला भांडं, कुणाला साडी. एका बाईला आठवडाभर आराम सांगून घरी सोडलं आणि तिसऱ्या दिवशी ती सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होती. ते अजून डोळ्यांपुढं आहे. 'किती जन्म टळले' हा आकडा वरून मागितला की खाली असंच होतं.

आणि त्यांना हेही कळवा की कर्नाटकाचा जननदर, म्हणजे एका बाईमागं सरासरी मुलं, २०१९-२१ च्या पाहणीत १.७ होता. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतो. देशभरात लग्न झालेल्या जोडप्यांत बायकांची ऑपरेशनं ३८ टक्क्यांच्या आसपास, पुरुषांची ०.३. भार कुणावर आहे ते त्यातच दिसतंय. याच राज्यात, जुन्या म्हैसूर संस्थानानं १९३० साली सरकारी दवाखान्यांत संततिनियमनाचा सल्ला सुरू केला होता. आम्हाला काही नवीन शिकवायला नको.

तुमच्या गावाला काय लागतंय ते सांगते. दिवस राहू नयेत म्हणून अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, छायाच्या गोळ्या, दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. पावसाळ्यात पूल बुडाला की ती तारीख चुकते. तारीख चुकली की बाई म्हणते, चला ऑपरेशनच करून टाकू. त्या तारखेला सिस्टर गावात पोचावी, गाडीभाडं निघावं, एवढं मागा.

कुसमळी ते कोथरूड

फंडवाल्यांची बाजू थोडी मांडतो, अशा अर्जांचं काम पाच वर्षं केलंय. ही जोडणी सगळीच खुळी नाही. युगांडात ब्विंडीच्या जंगलात १९९६ मध्ये गोरिलांना खरूज झाली. ती शेजारच्या वस्तीतल्या कपड्यांवरून लागल्याचं निघालं. तिथल्या पशुवैद्य ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांनी २००३ मध्ये संस्था काढली: गोरिला सांभाळायचे तर माणसांचं आरोग्यही सांभाळायचं. पुढं त्यात कुटुंबनियोजनही आलं, गावातल्याच स्वयंसेवकांमार्फत. तिथं जंगलाच्या काठावर दाट वस्ती, घरटी लेकरंही जास्त. तिथला नमुना जांबोटीला चिकटवला की असा रकाना तयार होतो.

शून्य लिहू नका, रिकामाही ठेवू नका, छाननी करणारा पोरगा रिकामा रकाना बघून फाईल बाजूला सारतो. तिथं लिहा: 'लागू नाही, कारण जोडपत्रात'. जोडपत्रात सिस्टरांनी सांगितलेलं घाला, एका पानात. बहुतेक फंडांचा कार्यक्रम अधिकारी फोनवर बोलतो. आधी फोन करा.

जांबोटीपलीकडची

सगळ्यांचे आभार. सरांकडं एफसीआरए आहे, पण मुदत संपत आलीय, नूतनीकरणाला टाकलंय म्हणाले. म्हणजे थांबायचं. अर्ज त्यांच्या नावानं, बिलंही त्यांचीच, हे संघाच्या बैठकीत झालं. दोघी रुसल्या, त्यांना वाटलं होतं खात्यावर पैसे येणार.

रकान्यात भाचीनं 'लागू नाही' लिहिलं. जोडपत्रात तीन मागण्या टाकल्या: सिस्टरचं गाडीभाडं बारा महिने, दहावीनंतर पोरींना खानापूरच्या कॉलेजला जायचा बसपास, आणि पुरुषांच्या ऑपरेशनची माहिती द्यायला पुरुष माणूस, आम्ही नव्हे. तिसरी वाचताना सगळ्या इतक्या हसल्या की चहा सांडला. पण ठेवली.

गाळाचा अर्ज पीडीओंना द्यायचाय, तो कन्नडमध्ये लागेल. बोलायला येतं, लिहायला जमत नाही. हिशेबनीस सर, सोमवारी बेळगावला आले तर अर्धा तास मिळेल काय?