ट्रान्समॅन आहे, सरकारी रुग्णालयात सोनोग्राफी करायची आहे. सुरुवात कुठून करू?

निळा_शर्ट (14 जून 2025)
नमस्कार मंडळी. जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद, जगतो पुरुष म्हणून. वय 27, मूळचा सोलापूर जिल्ह्यातला, आठ महिन्यांपासून पुण्यात नोकरीला. टेस्टोस्टेरॉनची (पुरुषी हार्मोनची) इंजेक्शनं खासगीत चालू आहेत. हल्ली ओटीपोटात दुखतं, डॉक्टरांनी सोनोग्राफी करून स्त्रीरोग ओपीडीला दाखवायला सांगितलंय. पगार बेताचा, म्हणून सरकारी रुग्णालय गाठलं. आधारवर जुनं नाव. खिडकीवरच्या माणसाने एकदा आधारकडे, एकदा माझ्या दाढीकडे बघून विचारलं, "पेशंट कुठंय?" मागे बायकांची रांग. केसपेपर न काढताच परत फिरलो.
आधी ट्रान्सजेंडर प्रमाणपत्र काढू का? आणि ते 5 लाखांचं आयुष्मान कार्ड यात चालतं का?

सविता_समाजसेवा
दादा, दुखणं अंगावर काढू नका. ओपीडीला प्रमाणपत्र लागत नाही. केसपेपर आधारवरच्या नावाने निघू द्या, पण त्याआधी समाजसेवा अधीक्षकांची खोली विचारून तिथे जा. मी याच कामात आहे. अशा पेशंटचा केसपेपर मी स्वतः काढते, हाक कोणत्या नावाने मारायची ते त्यावर पेन्सिलीने लिहिते आणि गर्दी ओसरली की सोनोग्राफीला घेऊन जाते. सगळीकडे असं होतंच असं नाही, पण विचारा. आत गेल्यावर हार्मोन कधीपासून, शेवटचं इंजेक्शन कधी, पाळी थांबली आहे का, सगळं सांगा.
आणि हो, जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालय बघा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासण्या मोफत आहेत. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात पैसे पडतात.

कल्याणची_मीरा
सविताताई म्हणतात तेच. कार्डाचं म्हणाल तर आयुष्मान भारत टीजी प्लस या ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या विमा योजनेत वर्षाला 5 लाख आहेत, पण ते भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. ओपीडीतली सोनोग्राफी त्यात बसत नाही. पुढे शस्त्रक्रियेचा विचार असेल तर कार्ड हवंच, आणि त्याला राष्ट्रीय पोर्टलवरचं ट्रान्सजेंडर प्रमाणपत्र लागतं. अर्ज ऑनलाइन, प्रतिज्ञापत्र जोडायचं, 2020 च्या नियमांप्रमाणे वैद्यकीय तपासणी नाही. मात्र ज्या जिल्ह्यात अर्ज कराल तिथे सलग 12 महिने राहिलेलं असावं लागतं. म्हणजे तुमचे चार महिने अजून बाकी. तोवर भाडेकरार नीट जपून ठेवा भाऊ.
आमच्याकडे कल्याणला ट्रान्सजेंडर लोकांसाठीचं मित्र क्लिनिक होतं, पुण्यातही होतं. तिथे हे सगळं सांगावंच लागायचं नाही. अमेरिकेचा निधी थांबला आणि 2025 च्या सुरुवातीला बंद पडलं.

पेठेतला_माणूस
मुंबईला जा ना. जीटी रुग्णालयात 2023 मध्ये तृतीयपंथीयांसाठी 30 खाटांचा वेगळा वॉर्ड झालाय.

कल्याणची_मीरा
वॉर्ड झाला, चांगलंच झालं. पण ह्यांना खाट कुठे हवीय? अडलंय ते केसपेपरच्या खिडकीवर. 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात कलम 15 आहे, हार्मोन, शस्त्रक्रिया, विमा, सगळं सरकारने द्यायचं असं लिहिलंय. खिडकीवरच्या माणसाला ते कुणी वाचून दाखवलेलं नाही. आणि तृतीयपंथी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मीच येते, साडीवाली. दाढीवाला स्त्रीरोग ओपीडीत आला की शिपायापासून सगळे गडबडतात.

निळा_शर्ट
खूप आभार. म्हणजे दाखवून आताच घेतो, अर्ज चार महिन्यांनी. ताई, समाजसेवेच्या खोलीत सगळ्यांसमोर सांगावं लागतं का? तिथेही बाक भरलेले असतात.

सविता_समाजसेवा
चिठ्ठीवर लिहून द्या, "खासगीत बोलायचंय" एवढंच. सोमवार टाळा, सुट्टीनंतरची गर्दी असते. पोट भरून पाणी पिऊन जा, नाहीतर सोनोग्राफीवाले बाहेर बसवून ठेवतील.

कल्याणची_मीरा
एकटं जायचं नसेल तर निरोप टाका. पुण्यातली माझी एक चेली येईल सोबत, तिला तिथल्या खिडक्या पाठ आहेत.